पेपरमिंटची गोळी

२०२३ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, सौदीत जुबैलला वेल्डिंगचा फोरमन. कंपनीच्या नव्या विम्यातून औषधं हवी असतील तर फॉर्मवर आजार लिहायचे होते. मी तिसरी शिकलेला, तरी फॉर्म स्वतःच भरला. डायबेटिससमोर ठासून 'नाही' लिहिलं. म्हातारा झालो म्हणून घरी पाठवतील तर?

त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तोंड खिडकीकडे करून मी शुगरची गोळी गिळली. शेजारी रत्नागिरीकडचा, दाढीला मेंदी लावलेला एक म्हातारा मांडीवर रुमालाची घडी घालत होता.

"काय खाल्लंत, भाऊ?"

"पेपरमिंट."

"मग एक मलाही द्या की!"

मी खिसा दाबून धरला. त्यानं हसत रुमाल उलगडला. आत मी घेतो त्याच गोळ्यांचं पाकीट!

"माझी पेपरमिंट फॉर्मवर लिहिलेली आहे. कार्ड दाखवलं की फार्मसीवाला देईल. तुमची लपून बसलीय, ती कोण देणार?"

त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्प ऑफिस उघडताच मी फॉर्म परत मागितला आणि 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. त्याचं ऐकून नव्हे. 'नाही'चं अक्षर जरा वाकडं आलं होतं.