बिनमिठाच्या ताटासाठी कोथिंबीर

दौलतगंजातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वनमालाबाईंनी एकेचाळीस वर्षांत दोन दीर्घ आजारपणे सांभाळली. पहिले सासूबाईंचे, ते नऊ वर्षे चालले. दुसरे नवऱ्याचे, आणि ते अजून चालू होते. मधुसूदनरावांचे हृदय अशक्त झाले होते, पावलांवर सूज येई, म्हणून डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केले. त्या दिवसापासून या निवृत्त मुख्याध्यापकांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. दोन महिन्यांत वजन सात किलोंनी उतरले. जानेवारीच्या तपासणीपर्यंत हे थांबले नाही तर भरती करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. भरती झालेला माणूस घरी परततोच असे नाही, हे वनमालाबाईंनी सासूबाईंच्या वेळी पाहिले होते.

मिठाच्या जागी वास द्या, असे डॉक्टरांनीच सुचवले होते. ताजी कोथिंबीर, पुदिना, वरून लिंबू. पण पाटणकर बाजारातून आणलेली जुडी दुसऱ्या दिवशी मान टाकी, आणि रोज तीन जिने उतरण्याइतके गुडघे आता राहिले नव्हते. म्हणून गच्चीच्या कठड्याशी चार कुंड्या आल्या. दाल बाजारातले नव्या पिकाचे धने त्यांनी पोळपाटावर हलकेच रगडून फोडले, भिजवले आणि मातीत पेरभर खाली पेरले. पुदिन्याच्या काड्यांची खालची पाने काढून त्या पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या. आठवड्यात पांढरी मुळे फुटली, तशा त्या कुंडीत लावल्या. बाराव्या दिवशी धनेही वर आले. मग दोन बोटे वाढून, पिवळे पडून आडवे झाले. पुदिन्याचे देठ बुडाशी काळे पडले.

वनमालाबाईंनी पुन्हा पेरले. पुन्हा तेच झाले.

खालच्या मजल्यावरच्या मंदाताई एका सकाळी गोधडी उन्हात घालायला गच्चीवर आल्या. वनमालाबाई नुकत्या न्हाऊन, तुळशीला तांब्याभर पाणी घालून, आता ओळीने चारही कुंड्यांना तेवढेच पाणी घालत होत्या.

"वहिनी, पुदिन्याची पूजा मांडलीत की काय?"

"रोज घालते हो. एक दिवस चुकवला नाही."

"तेच तर! बुडवून मारलंत बिचाऱ्यांना." मंदाताईंनी मातीत बोट खुपसून चिखल दाखवला. "आमचे आजेसासरे रिसाल्यात होते. घोड्याला तहान बघून पाणी दाखवायचे, घड्याळ बघून नाही. बोट पेरभर घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर राम राम करून खाली या. आणि या गमल्याला तर खाली भोकच नाही, ते आधी पाडा."

"कुणाला तहानलेलं ठेवून मला खाली जाववत नाही हो."

"मग माझ्याकडे येऊन चहा प्या. गमल्याचं राहू द्या."

त्या दिवशी भोके पाडून झाली. दुसऱ्या सकाळी माती ओलीच लागली, आणि कुंड्यांना पाणी न घालता जिना उतरणे वनमालाबाईंना पाप केल्यासारखे वाटले. रोजचा तांब्या रोपांच्या गरजेपोटी नव्हताच. आपण कर्तव्याला चुकलो नाही, ही स्वतःची खात्री त्या करून घेत होत्या. दीर्घ सेवेत असे होते. पाहण्याचे श्रम होईनासे झाले की माणूस नियमाला टेकतो, आणि नियम पाळून आलेला थकवाच त्याला सेवेचा पुरावा वाटू लागतो.

तिसऱ्या वेळचे धने तगले. तपासणीला दहा दिवस उरले असताना वनमालाबाईंनी पहिली मूठभर कोथिंबीर खुडली, पुदिना आणि लिंबू घालून चटणी वाटली आणि नेहमीप्रमाणे साडेदहाला ताट वाढले. मधुसूदनरावांनी ते बाजूला सारले.

"तीनदा पेरली तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला ही सजा कशाची?"

"मंदाताईंचा आवाज घरात येतो, ऐकलंय मी सगळं. मातीत बोट घालून विचारतेस, पाणी हवं का म्हणून. साडेदहाला मला भूक असते का, हे विचारलंस कधी?"

"आईंची वेळ साडेदहाचीच होती..."

"मी आई नाही, वनमाला."

वनमालाबाईंनी ताट आपल्याकडे ओढले. मग ताटावर झाकण ठेवत त्यांनी विचारले, "केव्हा लागते भूक?"

"सकाळच्या गोळ्यांनी मळमळतं. एक-दीडपर्यंत थांब."

त्या थांबल्या. नवऱ्याआधी जेवायची सवय नसल्यामुळे तशाच उपाशी खुर्चीत बसून राहिल्या. सव्वाला हाक आली. त्यांनी भात गरम केला. मधुसूदनरावांनी चटणी कालवून सहा-सात घास खाल्ले.

"बेचवच आहे," ते म्हणाले, आणि आणखी थोडा भात मागितला.

वनमालाबाईंनी वाढला. अकराला ओटा पुसून पाठ टेकण्याची एवढीच एक सोय त्यांच्या दिवसात होती. ती आजपासून गेली. आता भूक कधी दीडला लागेल, कधी तीनला, कधी लागणारही नाही, आणि दरवेळी ते विचारावे लागेल.

दहा दिवसांनी वजनाचा काटा खाली गेला नाही, वरही गेला नाही. डॉक्टरांनी भरतीचे नाव काढले नाही, पुढची तारीख तेवढी दिली.