शेवटच्या विहिरीवरची घरटी

सकाळी विजेच्या तारेवर सुगरणीचा नर दिसला. चोचीत गवताचं हिरवं पातं होतं आणि ते विणायला जागा शोधत तो बराच वेळ इकडेतिकडे पाहत होता.

दर श्रावणात मी गावच्या विहिरींवर लोंबणारी घरटी मोजून वहीत लिहीत असे. गुडघे दुखू लागले तसं शेवटच्या, लांबच्या विहिरीवर जाणं सोडलं. तीन वर्षं घरी बसूनच तिथला जुना आकडा पुन्हा लिहिला. वाटलं, पाखरं कुठे जातात!

हे काम यंदापासून शेजारची मीनल करते. काल ती वही घेऊन आली.

"काका, शेवटच्या विहिरीवर तीन वर्षं बारा घरटी आणि यंदा मी गेले तर एकही नाही. एका वर्षात असं काय झालं हो?"

"एका वर्षात नाही गं. मी गेलोच नव्हतो."

पाखरं एकेक करून गेली असतील. ती जाताना पाहायचं काम माझं होतं.

"मग बारा खोडून शून्य लिहू?"

"शून्य नको. कुणी जाऊन पाहिलं, तरच शून्य लिहायचं. 'मोजलं नाही' असं लिही, आणि खाली माझं नाव घाल."