लिलावातला भोपळा

पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या उपासनेनंतर आमच्या चर्चमध्ये शेतमालाचा लिलाव होतो. भोपळा विकत घ्यायचा आणि परत द्यायचा, म्हणजे तो पुन्हा विकता येतो. यंदाचे पैसे सुनंदाताईंसाठी होते. नवरा-मुलांसह त्यांना आफ्रिकेतल्या मिशनच्या शाळेत शिकवायला परतायचं होतं.

"लोकांच्या पैशावर परदेश!" एक काका पुटपुटले.

ताईंनी भोपळा उचलून थेट काकांच्या मांडीवर ठेवला. "हो, लोकांच्याच! तुम्ही बसलाय तो बाकसुद्धा परमुलखातल्या गरिबांनी पै-पै धाडून केलाय. बोला काका, कितीला घेता?"

काकांनी बोली लावली, पैसे दिले. भोपळा परत आला. आपण सगळे त्या भोपळ्यासारखेच, कुणीतरी मोल देऊन मोकळे सोडलेले. मग लोकांचे पैसे घेण्यात लाज कसली? मी काकांपेक्षा चढी बोली लावली, मुद्दाम मोठ्यानं.