पाळीची पाटी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. ज्यात कुणाला साधं खरचटलंही नाही, ते हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, माझ्या खात्याची ती शिस्त आहे.

तेव्हा मी पुण्यात सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, एवढ्यात एक पंचेचाळिशीच्या बाई अर्ज घेऊन आल्या. राहायला नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला; या प्रकरणासाठी काही महिने पुण्यात माहेरी येऊन राहिलेल्या. नवरा तिथल्या कंपनीत इंजिनिअर. त्याआधी सात वर्षं त्यांनी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला काढली होती. त्या शहरावर त्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत सदर लिहायच्या. ते सदर माझी बायको कात्रणं काढून ठेवायची, त्यामुळे बाईंना पाहून मी खुर्चीतून उठलो. हे मी एरवी आमदारासाठीही करत नसे.

सदर होतंच झकास. ग्लासगोची भुयारी रेल्वे नुसती गोल गोल फिरते, समुद्रपक्षी लोकांच्या हातातले चिप्स पळवतात आणि मग त्यावर पेपरात आठवडाभर वाचकांची पत्रं येतात, नवा माणूस भेटला की दोनपैकी कुठल्या फुटबॉल क्लबचा हे आधी हळूच काढून घेतात. बाई नेदरलँड्सला आल्या तरी तिथले पेपर रोज ऑनलाइन वाचायच्या आणि आठवणींत मिसळून लिहायच्या. पुस्तक छपाईला निघालं होतं.

आणि संपादकांना एक मेल गेला. बाईंच्याच नावाने उघडलेल्या खोट्या खात्यावरून. त्यात कबुली होती : ‘मी लिहिलेला एकही अनुभव माझा नाही. सगळं पेपरांतून आणि दुसऱ्यांच्या तोंडून उचललेलं आहे. जिन्यातल्या पाळीच्या पाटीची गोष्टसुद्धा माझी नाही. सदर बंद करावं.’ संपादकांनी सदर बंद केलं. प्रकाशकांनी पुस्तक थांबवलं. बाई म्हणाल्या, “नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर गेलेली बाई मी. तिकडे मला माझं असं एवढंच होतं.”

तोतयेगिरीचा गुन्हा दाखल केला. मेल कंपनीकडून आयपी पत्ता मागवला. तो यायला दीड महिना लागला आणि आला तो फेल्डहोवनच्या सार्वजनिक वाचनालयाचा निघाला. संपादक फोनवर हसले. “साहेब, बाईंच्याच गावचा? मग झालं की. प्रसिद्धीसाठी स्वतःच केलं असणार.” खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं. तक्रारदारच आरोपी निघाल्याच्या केसेस मी बऱ्याच पाहिल्या होत्या. अजून काही दिवस गेले असते तर मी बाईंनाच चौकशीला बसवलं असतं.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. सातारा जिल्ह्यातल्या, बोलायला कमी, कामाला वाघ. मी न सांगता त्यांनी सगळी कात्रणं वाचली होती. एका दुपारी डबा झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, ग्लासगोच्या इमारतीत जिना धुवायचा नंबर ज्याचा, त्याच्या दाराला कार्ड अडकवतात. पेपरात बाईंनी त्याला ‘क्रमाचं कार्ड’ लिहिलंय, पाच ठिकाणी. ‘पाळीची पाटी’ कुठंच नाही. बाईमाणूस छापायला हा शब्द देणार नाही. हा त्यांच्या घरातला शब्द आहे, चेष्टेतला.”

तो मेल मी वीस वेळा वाचला होता. ‘पाळी’ आलं की संकोचाने नजर पुढे सरकवायचो. एवढं सोपं, आणि ते तिला दिसलं, मला नाही. शाबासकी द्यायची सोडून मी म्हणालो, “ते माझ्या लक्षात होतंच, खात्री करत होतो.” सव्वीस वर्षांची नोकरी माझी, आणि धागा हिने काढावा?

बाईंना बोलावून शब्द विचारला. त्या म्हणाल्या की शेजारच्या फ्लॅटमधली मैत्रीण आणि त्या, दोघीच असं म्हणायच्या. ‘आज तुझ्या दाराला पाळी लागलीय गं,’ म्हणून जिन्यात उभ्या राहून हसायच्या. ती मैत्रीणही आता फेल्डहोवनलाच होती, सायकलने पाच मिनिटांवर. “ती असं करणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग खाली बघत, “करेलही.”

त्याच आठवड्यात गुन्हे आढावा बैठक होती. उपायुक्तांनी विचारलं, धागा कसा मिळाला? मी म्हणालो, “वाचता वाचता शब्द खटकला, सर.” त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि प्रशस्तिपत्राचा प्रस्ताव पाठवायला सांगितलं. मी ठाण्यात आलो आणि प्रस्ताव टाइप करायला रायटरच्या, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम सांभाळणाऱ्या हवालदाराच्या, टेबलावर मुद्दे लिहून ठेवले.

मैत्रीण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आल्याचं कळलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, म्हणून मी आणि हवालदार बाई कोथरूडला गेलो. तिने चहा केला. चौकशीत मी फार प्रश्न विचारत नसे. समोर कागद ठेवायचा आणि गप्प बसायचं, माणसाला शांतता सोसत नाही. मेलची प्रत ठेवली, शेजारी जिन्यावरचं कात्रण ठेवलं. ‘पाळीची पाटी’खाली लाल रेघ होती.

तिने ती रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग बोलायला लागली ती थांबेचना. लेखिकाबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या पाळीलाही ही बादली घेऊन उतरायची. बाई वरच्या पायरीवर पेपर घेऊन बसायच्या आणि बातम्या वाचून दाखवायच्या. तळमजल्यावरची म्हातारी हिच्याशी गप्पा मारायची, जिन्याच्या कडेला खडूची नक्षी कशी काढायची ते तिनेच हिला दाखवलं. तेव्हा कशाचं काही वाटायचं नाही. मग पुण्याहून आईने कात्रण पाठवलं. त्यात बादली, म्हातारी, खडू सगळं होतं आणि सगळीकडे ‘मी’ होतं.

“फेल्डहोवनच्या गणपतीत लोक तिच्याभोवती गोळा होतात, साहेब. मी पलीकडे प्रसादाच्या वाट्या भरत असते. एकजण मला म्हणाला, तुम्ही पण होतात का हो ग्लासगोला? जळते मी तिच्यावर. अंगाची लाही लाही होते. केलं ते चूकच केलं, सही करते. पण तो जिना मी धुतलाय.”

माझ्या शेजारी हवालदार बाई जबाब लिहीत होत्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. परत येताना जीपमध्ये मी उगाच ट्रॅफिकवर चिडत राहिलो.

मैत्रिणीने लेखी माफी मागितली. लेखिकाबाई तडजोडीला तयार झाल्या आणि कोर्टात प्रकरण मिटलं. सदर पुन्हा सुरू झालं, पुस्तकही आलं. बायकोने ते विकत आणलं. त्यात मैत्रिणीचं नाव आहे की नाही, हे मी उघडून पाहिलेलं नाही. कोथरूडहून परतलो त्या संध्याकाळी टेबलावर प्रशस्तिपत्राचा प्रस्ताव टाइप होऊन तयार होता. वाचला. एक ओळ बदलायची होती. मी तशीच सही केली.

गुन्हेगाराच्या पोटात काय असतं ते ओळखायला पोलीस शिकतो. या केसने मला शिकवलं की ते ओळखीचं असतं म्हणूनच ओळखता येतं. ती मैत्रीण मला फार लवकर समजली. आणि लेखिकाबाई त्याहून लवकर.

सध्या मी मुलीकडे, नेदरलँड्समधल्याच हार्लेमला आहे. हे लिहायला घेतलं तेव्हा हवालदार बाईंना फोन लावला. त्या आता सहायक उपनिरीक्षक आहेत. म्हटलं, बाई, शब्द तुम्ही पकडला होतात, प्रस्तावात मी माझं नाव घातलं, तुम्हाला ते कधी कळलं नसेल. आता लेखात खरं लिहितोय, तुमचं नाव घालू का?



“नको साहेब, आता कशाला,” त्या म्हणाल्या. “आणि मला तेव्हाच माहीत होतं. रायटर रजेवर होते. तो प्रस्ताव मीच टाइप केलेला.”