उत्तर आठ कसं येईन?

मालेगावात शेषरावांच्या कोचिंग क्लासचा जिना चढताना रत्नमालाबाई रोज नाकाला पदर लावत. कोपऱ्याकोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, त्यातल्या निम्म्या खुद्द शेषरावांच्या. मेडशीहून एसटीनं यायचं, बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं आणि परतायचं. विषय त्या जीव लावून शिकल्या होत्या. खडू हातात आला की जिन्याची घाण विसरायला होई.

मग ती चाचणी झाली. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात इतकं विरळ केलं की त्याची संहती दहाचा उणे आठवा घात उरली, तर पीएच किती? क्लासच्या छापील उत्तरसूचीत आठ. रत्नमालाबाईंनी मात्र शिकवलं होतं की पाण्याचे रेणू स्वतःही थोडेसे तुटतात, त्यातून हायड्रोजनचे आयन निघतात, आणि एवढ्या विरळ आम्लापेक्षा ते जवळजवळ दसपट असतात. ते धरले की उत्तर येतं ६.९८, सातच्या किंचित खाली, म्हणजे आम्लच. संस्कृती नावाच्या मुलीनं तेच लिहिलं. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. शेषरावांनी ते लाल पेनानं खोडून शून्य केलं.

“मॅडम, पोरायले काहून गोंधळात टाकून राह्यल्या? सूचीत आठ हाये.”

“सातच्या वर आठ म्हंजे आम्लारी झालं, सर. पान्यात आम्ल टाकल्यावर ते आम्लारी कसं होईन?”

शेषराव हसले. ओठाच्या कडेनं खर्ऱ्याचा ओघळ आला, तो त्यांनी तळहातानं पुसला. “सूची साऱ्यायले वाटून झाली. आता चुकली म्हनून सांगू? तुमीच वर्गात जा अन् आठ सांगा.”

व्हरांड्यात भौतिकशास्त्राचे भागवत सर हळूच म्हणाले, “तुमचंच बरोबर हाये, मॅडम. पन कायले नादी लागता?”

बाई त्यांना सरळ वर्गातच घेऊन गेल्या. “सर, मले आत्ता जे सांगतलं, ते पोरायले सांगा.”

दारात शेषराव उभे होते. भागवत सरांनी चष्मा पुसला. “सूचीप्रमानं आठ,” ते म्हणाले.

भराभर पेनं चालली. संस्कृतीनंही खाली मान घालून स्वतःचं उत्तर खोडलं.

रत्नमालाबाईंना शेषरावांकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. पण सगळं ठाऊक असलेल्या माणसाचा तो सपाट चेहरा बघून त्यांना शिसारी आली. खडू टेबलावर ठेवून त्या जिना उतरल्या, त्या पुन्हा चढल्या नाहीत.

“बरं केलं,” घरी नवरा जगदेव एवढंच म्हणाला.

काही दिवसांनी बाई मालेगावच्या बाजाराला आल्या, तर बसस्टँडसमोर क्लासचा नवा फ्लेक्स. शेषराव आणि भागवत सर यांच्या मधोमध त्यांचा स्वतःचा फोटो, खाली ‘अचूक मार्गदर्शन’. त्यांनी तिथूनच शेषरावांना फोन लावून फोटो काढायला सांगितलं.

“राहू द्या न् मॅडम. लोकायले काय समजते?”

बाईंनी फोन ठेवला. शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातून गोमतीबाईंची कात्री आणि स्टूल मागून आणलं. भरदुपारी, एसटीची वाट बघणाऱ्या साऱ्या माणसांदेखत त्या स्टुलावर चढल्या आणि स्वतःचा चेहरा गोल कापून काढला. फ्लेक्सची धूळ हातांना चिकट लागली. गोमतीबाईंनी विचारलं, “काय झालं वो?”

“मले त्यायच्यात राह्यची किळस येते,” रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि तो तुकडा पिशवीत कोंबून मेडशीच्या गाडीकडे निघाल्या.