शाफ्टचा आरसा

बायकोच्या भावाबद्दल कुणी वाईट लिहू नये. पण माझा मेहुणा ऐकण्यासारखा आहे, त्याला मी तरी काय करू!

झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्यावर, वितळलेल्या पोलादाचा फवारा मारून तो पुन्हा जाड करायचा, हे आमच्या कारखान्याचं काम. फवाऱ्यावर मेहुणा, भट्टीवर मी. फवाऱ्याची बंदूक हातात आली की स्वारीची मान अशी ताठ, जणू पोलाद यानेच शोधून काढलंय! चकचकीत दिसलं की याच्या लेखी काम झालं.

म्हातारा फोरमन निवृत्त होणार होता. मालक मेहुण्याला म्हणाले, "या पंपाचा शाफ्ट तू एकट्याने कर. टिकला तर खुर्ची तुझी." झालं! माझ्या बायकोने लगेच त्या खुर्चीसाठी उशी शिवायला घेतली.

आता बघा, नुसता फवारलेला थर कडक असतो, पण त्यातले थेंब माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक कसेबसे चिकटलेले, आणि आत ताण भरलेला. भट्टीत हळूहळू तापवून तिथेच निवू दिला, की कडकपणा जरा उतरतो, पण खवले एकमेकांना घट्ट धरतात आणि थर चिवट होतो. वरून मात्र काळवंडतो, म्हणून ग्राइंडिंग, म्हणजे घासून चकचकीत करणं, नंतर करायचं. या शहाण्याने ते आधीच उरकून शाफ्टचा आरसा केला आणि त्यात बघून मिशा विंचरल्या.

"आण इकडे भट्टीत," मी म्हटलं.

"काळा करायला? अहो दाजी, कानस लावून बघा, नुसती घसरते!"

"काचही कडकच असते. पडली की काय होतं?"

"जळता तुम्ही माझ्यावर."

"जळायचं काम भट्टीचं रे, माझं नाही."

शाफ्ट भट्टीत न जाताच पंपात बसला. चाचणी कारखान्याच्या अंगणातच होती. मेहुणा इस्त्रीच्या सदऱ्यात हजर. मोटरने पंपाला पहिला झटका दिला, आत करकर झाली. उघडून पाहिलं, तर थर जुन्या रंगासारखा पोपडे धरून सुटलेला!

"पाणी खराब असणार," मेहुणा म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "अरे, पाणी अजून सोडलंय कुठे?"

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. उशी आमच्या घरी आली, पण बायको मला तिच्यावर टेकू देत नाही. रविवारी मेहुणा येतो, त्या उशीवर ऐसपैस बसतो आणि फोरमनच्या थाटात मला चहा आणायला सांगतो.