बप्पांची सोबत

येडशी स्टेशनच्या फलाटावर, गाडी यायच्या आधी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन भेटेल त्याला "गाव कोणतं तुमचं?" असं विचारणारा धोतरातला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते माझे चुलते. आम्ही सगळे त्यांना बप्पा म्हणतो. त्यांना स्वतःला कुठंही जायचं नसे. घरातलं कोणी रात्रीच्या गाडीनं एकटं पुण्याला निघालं, की त्याला सोबत लावून द्यायची हे त्यांनी आपणहून घेतलेलं काम होतं. म्हणजे फलाटावरचं एखादं बरं दिसणारं कुटुंब हेरायचं, गाव विचारायचं, गावावरून नात्यातले पाहुणे काढायचे, आणि मग आपला माणूस त्यांच्या हवाली करायचा. "आमचं लेकरू हाये. पुण्यात उतरायचंय. तेवढं उजाडंपर्यंत संगं बसवून घ्या."

ज्या बप्पांनी तीस-पस्तीस वर्षं आम्हाला असं परक्यांच्या ओटीत घातलं, त्याच बप्पांनी या दिवाळीनंतर एकट्यानं पुण्याला जायचं ठरवलं. एक डोळा जवळपास गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, उभं राहिलं की चक्कर. आणि सोबत कोणी नको म्हणे. माझा जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आमच्या गाडीचं सांगतो. ती इथून रात्री निघते आणि पुण्यात अशा वेळी नेऊन सोडते की धड रात्रही नसते, धड सकाळही नसते. नातेवाइकाचं दार वाजवावं तर तो घाबरतो, न वाजवावं तर जायचं कुठं. बाहेर पाऊल टाकलं की चार रिक्षावाले चहूबाजूंनी "कुठं जायचं, दादा?" करत येतात, त्यातला एक तर तुमची पिशवी धरूनच चालायला लागतो. बप्पांचं यावर एकच सांगणं होतं. "उतरलं की बाहेर पडायचं न्हाय. आतच, उजेडात, लेकुरवाळ्या माणसाजवळ बसायचं. जो आपणहून इचारतो त्याला काही सांगायचं न्हाय. आपण ज्याला इचारू, त्यालाच सांगायचं." हा नियम जगानं पाळला असता तर फलाटावर बप्पांशी एक माणूस बोलला नसता, हे मी त्यांना अनेकदा दाखवून दिलं. ते म्हणत, "मी काय रिक्षावाला हाये व्हय?"

कॉलेजला निघालो तेव्हा त्यांनी मला भूमच्या एका लग्नाच्या वऱ्हाडात बसवून दिलं. मिसरूड फुटलेलं, केसांना तेल, अंगात नवा शर्ट, आणि नवरीच्या मैत्रिणी एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणतायत, "अगं, लक्ष ठेवायचंय ते हेच का?" पुण्यात उतरल्यावर नवरीच्या मावशीनं मला मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना वऱ्हाडाची भांडी. उजाडेपर्यंत मी आणि एक मोठं पातेलं शेजारीशेजारी बसून होतो. पातेल्याची चौकशी माझ्यापेक्षा जास्त होत होती.

वाटलं होतं, वय वाढलं की हे थांबेल. पंचेचाळिशीत, डोक्यावर चंद्र उगवल्यावर, ऑफिसच्या बैठकीसाठी पुण्याला निघालो, तर बप्पा माझ्या आधी स्टेशनवर. मी गयावया केली, "बप्पा, मी आता दोन लेकरांचा बाप आहे." त्यांनी ते ऐकलं, आणि समोरच्या म्हातारीला तसंच्या तसं सांगितलं, "दोन लेकरांचा बाप हाये, म्हणून तर काळजी." ती म्हातारी तेरची, लेकीकडं निघालेली, बरोबर ज्वारीचं गठुडं. पुण्यात मी टॅक्सी बोलावून ठेवलेली. टॅक्सीवाला फोनवर फोन करतोय, आणि म्हातारीनं माझं मनगट धरलेलं. "तुमच्या चुलत्याला शबूद दिलाय म्या. उजाडू द्या." शेवटी टॅक्सीवाला निघून गेला आणि मी ते गठुडं मांडीवर घेऊन बसलो. पहाटे तिचा जावई आला. त्यानं मला हमाल समजून गठुडं कुठं ठेवायचं ते सांगितलं. मी ठेवलंही. बैठकीत साहेब बोलत असताना मला डुलकी लागली, हे वेगळं.

परत आल्यावर मी बप्पांपुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली, आणि विचारलं, "नीट पोचलास का न्हाय?"

या प्रश्नापुढं आजवर आमच्या घरातलं कोणी टिकलेलं नाही. नीट पोचलो होतो, हे नाकारणार कसं? मी चिडून विचारलं, तुम्हाला एवढी धास्ती कशाची? ते म्हणाले, "मी बी एकदा तरणेपणी उतरलो हुतो तिथं. एकटाच. गेलो बाहेर." पुढं काय झालं ते काकीलाही कधी सांगितलं नाही. 

माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा वाटलं, आता बप्पांची गाठ बरोबरीच्या माणसाशी आहे. तिनं त्यांना फोन दाखवला. "हे बघा आजोबा, मी कुठं आहे ते पप्पांना इथं दिसत राहतं. हा ठिपका म्हणजे मी." बप्पांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, ठिपक्याचं कौतुक केलं. मग म्हणाले, "लई चांगलं हाये. पण त्याला दिसून काय उपेग? तो येडशीत, तू पुण्यात." मुलगी माझ्याकडं बघायला लागली, मी पंख्याकडं. त्या रात्री ती एका शिक्षक जोडप्याच्या हवाली झाली, आणि मी रात्रभर तो ठिपका बघत बसलो.

तर असा हा माणूस. काकी गेल्यावर इथं एकटाच राहायचा. शेवटी सुधीरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, हट्टच धरला की आता पुण्यालाच राहायचं, डोळ्याचं ऑपरेशनही तिथंच करायचं. मी म्हणालो, मी नेऊन सोडतो. बप्पा म्हणाले, "मला सोडून परत येताना तुला कोण सोबत?" सुधीर म्हणाला, मी न्यायला येतो. तर, "दोन रातीचं जागरण करून कामावर जाणार का तू?" आणि एका सकाळी स्वतःच स्टेशनावर जाऊन तिकीट काढून आले. एकट्याचं. मला कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी, तेही बायकोकडून.

मी जाऊन भांडलो. आवाज चढवून भांडलो, शेजारी दारात आले. "उतरताना चक्कर आली तर? फलाट दिसला नाही तर? आम्हाला जन्मभर एकटं जाऊ दिलं नाहीत, आणि आता?" बप्पा पिशवीत टोप्या भरत होते. म्हणाले, "तुमी लेकरं हुता." मी म्हटलं, मी पंचेचाळीस वर्षांचं लेकरू होतो का? त्यावर त्यांनी एक टोपी काढून परत नीट घडी घातली. 

दुसऱ्या दिवशी रात्री फलाटावर त्यांना बाकावर बसवलं. काठी, पिशवी, पाण्याची बाटली. गाडीला थोडा अवकाश होता. ते कुणाशीही बोलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्या फलाटावर बप्पा गप्प बसलेले मी पाहत होतो, आणि मला ते सहन होईना. शेवटी मीच उठलो. कुटुंबवाले कोणी नव्हते. खांबाजवळ पाठीवर बॅग घेतलेली एक मुलगी उभी होती, माझ्या लेकीएवढी, कानात इयरफोन. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "गाव कोणतं तुमचं?"

तिनं माझ्याकडं जसं बघायला हवं तसंच बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली. मागून बाकावरून आवाज आला, "बाळू, असं इचारत्यात व्हय? आधी आपलं नाव सांगावं, आपलं गाव सांगावं. पोरगी हाये ती."

मग ते काठी टेकत स्वतःच आले. दूर उभे राहिले, आमची दोघांची नावं सांगितली, घर कुठं ते सांगितलं. मुलगी कळंबची निघाली, पुण्यात नर्सिंगला. आजोळ तेर. "तेरात कुणाच्यात?" असं करत करत बप्पा तिच्या मामाच्या सासऱ्यापर्यंत पोचले, तोवर मुलीनं इयरफोन काढून खिशात ठेवले होते. मी संधी साधून तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, आमच्या चुलत्यांना दिसतं कमी. उतरताना तेवढा हात द्या. मुलगा न्यायला येणार आहे, तो येईपर्यंत जरा थांबा." ती म्हणाली, "हो काका, बसते मी त्यांच्याजवळ."

गाडी आली. बप्पा चढले, खिडकीशी बसले. मला वाटलं काहीतरी बोलतील. म्हणाले, "वसरीतला लाइट बंद करायचा राहिलाय, बघ." गाडी हलली.

मी त्यांच्या ओसरीतला तो लाइट बंद केला, घरी आलो आणि फोन उशाला घेऊन पडलो. बप्पांचा ठिपका नव्हता, त्यांच्याकडं साधा फोन. झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. मध्येच सुधीरचा फोन आला, तसा मी ताडकन उठून बसलो.

"दादा, गाडी आली. बप्पा ठीक आहेत, त्या मुलीनं उतरवून घेतलं. पण ते बाहेर यायला तयार नाहीत."

"चक्कर आली का?"

"चक्कर नाही. मुलीच्या होस्टेलचं गेट सकाळी उघडतं. तोवर तिला सोडून येत नाही म्हणतात. मी म्हटलं, गाडी आणलीय, तिला आपल्या घरी घेऊन जाऊ, सकाळी सोडतो. तर मलाच ओरडले. म्हणाले, ती तुला वळखती का? तुझ्या गाडीत का बसंल ती? दादा, आता तूच सांग त्यांना."

मी म्हटलं, दे त्यांना. आणि वर्षानुवर्षांचा राग गोळा करून सुरुवात केली. "बप्पा, मी पोरीला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तुम्हाला तिच्यावर ठेवायला नाही. घरी जा, झोपा, डॉक्टरनं जागरण करू नका म्हटलंय."

पलीकडून स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. ती संपेपर्यंत बप्पा थांबले.

"मला न्यायला सुधीर आलाय," ते म्हणाले. "तिला न्यायला कोण आलंय?"

आणि लगेच सुधीरला म्हणाले, "तीन चहा घेऊन ये. पोरीला बिस्किटं." आणि फोन तसाच चालू राहिला. मला बराच वेळ त्यांचं आणि त्या मुलीचं बोलणं ऐकू येत होतं. तेरच्या मामाकडं अजून म्हशी आहेत का, असं काहीतरी. मी ते ऐकत अंधारात बसलो. बायको म्हणाली, "आता तरी झोपा." म्हटलं, "उजाडू दे."

उजाडलं. परत फोन वाजला, या वेळी बप्पांचा स्वतःचा.

"पोरगी नीट पोचली," ते म्हणाले. "गाडीत मी संगं बसलो हुतो. गेटातून आत गेलेली बघितली सुधीरनं."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

पण एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला होता.